एका लॅपटॉपची वाटणी

अक्का, तेराव्याला आलेल्या बायकांनी तुमचं इतकं गुणगान केलं की मला शंका आली, ह्या नक्की कुणाबद्दल बोलतायत. 'गरीब गाय होती', 'कधी आवाज चढवला न्हाई', 'सोसून ऱ्हायली बिचारी'. तुम्ही आणि गरीब गाय! कडा गावच्या भर बाजारात कापडवाल्याला 'ह्या अस्तराचा रंग जात न्हाई म्हन्तूस तर आधी तुझ्या पांढऱ्या शर्टाला लावून धू' असं सुनावणारी बाई ती. मी पदरात तोंड लपवलं. बायकांना वाटलं, धाकट्या जावेला हुंदका आला. मला हसू आवरत नव्हतं. असं काही घडलं की दुपारी अंगण ओलांडून तुम्हालाच येऊन सांगायची सवय मला. आता हे कुणाला सांगायचं, म्हणून लिहायला बसले.

गावाला आपलं एक कोडं होतं. भाऊभाऊ वेगळे निघाले, हातभर बांधावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, चुली वेगळ्या झाल्या. आमचे हे तर तिरमिरीत बोलून गेले, 'थोरल्याच्या चुलीवरचा घास खाईन तर बापाचं नाव लावणार नाही.' थोरल्या दादांनीही तेच उलटून म्हटलं. मग ह्या दोघी जावा रोज एका टेबलाशी कशा बसतात? त्याचं उत्तर एका जुन्या लॅपटॉपात होतं.

भावकीतली मंडळी ओसरीवर बसून वाटण्या करत होती तो दिवस आठवतो ना? रान झालं, गुरं झाली, हंडे-पातेली झाली. इन्व्हर्टर तुमच्याकडं गेला, पिठाची गिरणी आमच्याकडं आली. विहीर समाईक राहिली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. लॅपटॉपापाशी मात्र गाडं अडलं. एकत्र असताना घेतलेला, दोघींच्याही पोटापाण्याचा. एक म्हातारबाबा म्हणाले, "मदून तोडून निम्मा निम्मा हुत असंल तर बगा." सगळे हसले. तेवढ्यात दाराआडून तुमचा आवाज आला, "त्याला कुनी हात लावू नका. त्याचं आमी दोगी बगू." आणि खरंच कुणी हात लावला नाही. वाटणीत दोन घरांमध्ये समाईक अशा दोनच गोष्टी उरल्या, विहीर आणि तो.

तो मुळात तुमच्या कामाचा. ब्लाउजची नक्षी त्यावर काढायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि भरतकामाच्या मशीनला लावायची. मग मशीन खडखडत स्वतःच टाके घालत सुटायचं. ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परतली की लग्नं निघायची आणि तुमच्या दारात नवरीमुलींची रांग लागायची. बाकीच्या ठिकाणी तेच ते मोर आणि तीच ती कमळं मिळत. तुम्ही करडईचं फूल काढलंत, काट्यांसकट. नवरीची आई म्हणाली, काटे कशाला? तुम्ही म्हणालात, "सासरी चाललीय ना." ते ब्लाउज मागायला पुढं आष्टीहून बायका यायच्या.

तुमचं नक्षीचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालायचं. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरबसल्या वेबसाइट बनवायची आणि त्यांचं सगळं काम तेव्हा लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर गेलं. एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवता येतात, सुरू करताना तो विचारतो की कोणतं उघडू, हे मी तुम्हाला समजावून सांगितलं. त्यासाठी आतल्या डिस्कचे दोन भाग करावे लागतात, हेही सांगितलं.

"म्हंजी वाटनी," तुम्ही म्हणालात.

"वाटणी नाही हो अक्का. पार्टिशन म्हणतात."

"मराठीत काय म्हन्त्यात त्याला?"

तुम्ही शिवणाचा खडू घेतलात आणि कापड बेतायच्या टेबलावर लांबलचक चौकोन काढलात. "हे रान. आता रीतीनं होऊ दे. थोरलीनं वाटे पाडायचे, धाकटीनं आदी उचलायचा." ही आपल्याकडची जुनी रीत. वाटे पाडणाऱ्याला निवड शेवटी मिळते, म्हणून त्याचा हात सरळ राहतो. तुम्ही टेपानं मोजून दोन सारखे वाटे पाडलेत आणि मध्ये बोटभर पट्टी सोडलीत.

"ही कशाला?"

"बांद नको का?"

मी हसत सुटले. डिस्कला बांध! पण तुम्ही गंभीर होतात. मग मलाही चेव आला आणि निव्वळ तुमची गंमत करायला म्हणून मी डावीकडच्या पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं. पहिल्या वाट्यात तर तुमचं विंडोज आधीपासून बसलेलं होतं, शहाण्या माणसानं उजवीकडचा रिकामा वाटा घेतला असता. तुम्ही लगेच खडू खाली ठेवलात. "उचललास ना? झालं तर मग. डावा तुझा."

"अहो, मी गंमत केली. तुमचं सगळं तिथंच आहे. ते हलवायला गेलं तर बिघडेल."

"मानसं पत्र्यासकट घर उठिवत्यात आन दुसऱ्या रानात निऊन मांडत्यात. मंग माझी खिडकी कावून सरकत न्हाई?"

तुमच्या हट्टापुढं ब्रह्मदेवाचं चाललं नसतं, मी तर धाकटी जाऊ. उचललेला वाटा बदलला की भांडण लागतं, हे तुम्ही आपल्या घरात नुकतंच पाहिलं होतं. ते मला कळत होतं, म्हणूनही मी जास्त ताणलं नाही. जगात आजवर कुणी रीतीसाठी विंडोज डावीकडून उजवीकडं हलवलं नसेल. आपण हलवलं.

ते काम सकाळी लावलं ते दुपार कलली तरी सरेना. असं सरकवणं चालू असताना वीज गेली तर सगळं मातीत जातं, आणि आपल्या लॅपटॉपची बॅटरी तर कधीच मेलेली. वीज तिच्या ठरल्या वेळेला गेलीच. इन्व्हर्टरवर सगळा भरवसा. तुम्ही पंखा बंद केलात, बल्ब काढून ठेवलात, फ्रिजचं बटण दाबून टाकलंत आणि दारात जाऊन उभ्या राहिलात, कुणी येऊन काही लावू नये म्हणून. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याची खोली. आपण दोघी घामानं निथळत पडद्यावर पुढं सरकणाऱ्या रेघेकडं बघत होतो. दादा पाणी प्यायला आले तर तुम्ही त्यांना म्हणालात, "हळू चाला, घर सरकतंय." त्यांनी एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ते गुमान निघून गेले.

आणि एवढं करून, बंद करून पुन्हा सुरू केलं तर काळाठिक्कर पडदा. विंडोज उघडेना. एका नवरीचं ब्लाउज मशीनच्या चौकटीत ताणून लावलेलं, तिची नक्षी आत अडकलेली, हळद तोंडावर आलेली. मग मला सुचलं. लिनक्स पेनड्राइव्हवरूनही सुरू होतं. मी ते लावलं, पडद्यावर लिनक्सच्या चिन्हातला पेंग्विन उगवला, त्याच्या बाजूनं तुमचा वाटा उघडला आणि तुमची सगळी नक्षीकामं एका ओळीत समोर आली. सगळी धडधाकट. ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली, मशीनला लावली आणि मशीन खडखडायला लागलं.

तुम्ही खालीच बसलात. म्हणालात, "म्हंजी माझ्या घराला आतून कडी बसली, आन तुझं बदक मागच्या दारानं शिरून लेकरं भाईर घिऊन आलं." त्या दिवसापासून तुम्ही त्या पेंग्विनला बदकच म्हणू लागलात आणि त्याला नावं ठेवायचं बंद केलंत. विंडोज मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं. मग डाव्या वाट्यात माझं लिनक्स बसलं, उजव्यात तुमची खिडकी आणि मध्ये तुमचा बांध.

सकाळी माझी पाळी, दुपारनंतर तुमची. विहिरीसारखंच. लॅपटॉप तुमच्या टेबलावर राहायचा कारण इन्व्हर्टर तुमच्याकडं. मी कंपनीच्या लोकांशी बोलायला बसले की तुम्ही मशीन बंद करायचात आणि दारात उभ्या राहून कोंबड्यांपासून सरपंचबाईंपर्यंत सगळ्यांना हाकलायचात. "मीटिंग हाय तिची. काय आसंल ते मंग सांगा." ह्यांनी एकदा मला नोकरी सोड म्हटलं होतं. तुम्ही त्यांच्याशी बोलत नव्हतात, म्हणून अंगणात उभ्या राहून कोंबडीला उद्देशून बोललात, "काही काही जनांना घरात आलेली लक्ष्मी पायानं ढकलायची सवय आस्ती ग बाई." कोंबडीला कळलं की नाही माहीत नाही, ह्यांना कळलं. अक्का, माझी नोकरी त्या दिवशी तुमच्यामुळं टिकली. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही 'बस, लई झालं' म्हणून कात्री आपटली असती.

आणि जेवण! नवऱ्यांच्या शपथा आपण पाळल्या खऱ्या, पण तुम्ही त्यांतून काय काय पळवाटा काढल्यात! चहा म्हणजे काही जेवण नव्हे, म्हणून चहा चालायचा. शेंगा रानातल्या, त्यांचा चुलीशी काय संबंध? हुरडा रानात पेटवलेल्या आगटीवर भाजलेला, तो तर अजिबात चुलीवरचा नाही. एकदा तुम्ही भाकरी गॅसवर केलीत आणि मला म्हणालात, "चुलीवरची कुटं हाय?" मी तेव्हा घाबरले, खाल्ली नाही. तुम्ही ती शांतपणे झाकून ठेवलीत. तुमच्या हातची भाकरी मग पुन्हा खायची राहिलीच.

आपलं भांडण एकच आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझा वाटा भरत आला होता. कामाच्या फायली मावेनात. मधली पट्टी रिकामी पडलेली, तिच्यात ना माझं काही ना तुमचं. मी म्हणायची, अक्का, तेवढी मला जोडून घेऊ द्या, तिचा कुणालाच उपयोग नाही.

"बांद कोरायचा न्हाई."

"अहो, पण तिथं काय उगवतं?"

"गवत उगवतं. गुरं चरत्यात. दुपारचं मानूस बूड टेकवतं. आन बांदच न्हाई ऱ्हायला तर एकमेकीकडं चालत जायाचं कुटून?"

डिस्कमध्ये गुरं चरत नाहीत, हे मी तुम्हाला नाना परीनं सांगून पाहिलं. तुम्ही ऐकून घ्यायचात, मान डोलवायचात आणि पुन्हा 'न्हाई' म्हणायचात. मी चिडायची. मनात आणलं असतं तर मी तुमच्या नकळत ती पट्टी खाऊन टाकली असती, तुम्हाला पत्ताही लागला नसता. बीडच्या दवाखान्यात, तुमचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले असताना, मी उशाशी बसले तर तुम्ही पहिलं हेच विचारलंत, "बांद कोरलास का ग?" मी म्हटलं, नाही. तुम्ही हसलात. म्हणालात, "कोरशील. मी घरी न्हाई तवर कोरशील." मी म्हटलं, घरी या आणि बघा. तुम्हाला पुरावा द्यायचा राहून गेला, ह्याची मला फार चुटपुट लागली आहे.

परवा दादा आमच्या दारात आले. वाटणीनंतर पहिल्यांदा. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. लॅपटॉप तुमच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून आणलेला. म्हणाले, "मनीषा, हे घे. आता एकटीचंच हाय तुझ्या. तिचं काय असंल ते काडून टाक. तुला जागा नव्हती पुरत." त्यांना हे ठाऊक होतं! तुम्ही रोज त्यांना आपलं भांडण सांगत होतात तर. आमचे हे आतून ऐकत होते, बाहेर आले नाहीत. दादा आतल्या दाराकडं एकदा बघून परत गेले.

हे म्हणाले, बरं झालं, आता पुसून सगळाच घे. त्यांचंही चूक नाही. काम सोपं आहे. तुमचा वाटा निवडायचा आणि 'हटवा' म्हणायचं. मी तो पडदा उघडून बसले. तुमचा वाटा निळ्या पट्टीसारखा दिसत होता. मला हात लावता येईना. आठवण म्हणून जपून ठेवायचं असलं काही माझ्या मनात नव्हतं. तसं केलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, रान पडीक कशाला पाडतेस. माझी भीती वेगळी होती. लॅपटॉप माझ्या फळीवर आला, तर उद्यापासून मी कोणत्या निमित्तानं अंगण ओलांडायचं? बोलणं बंद असलेल्या दोन घरांमधून बिननिमित्ताची बाई येत-जात नाही. आणि पलीकडं तुमची गौरी आहे.

तुमची लेक तुमच्या जाण्यानंतर रडलेली नाही, अक्का. तुम्हाला नेताना नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. ओठ मिटून सगळं करते. बापाला वेळेवर भाकरी देते, गुरांचं बघते, कॉलेजची बस पकडते. बायका म्हणतात, किती शहाणी पोर. मला तिच्या त्या शहाणपणाची धडकी भरली होती. माझी पुढची सगळी चिंता तेवढीच होती, की ही पोर अशीच दगड होऊन त्या घरात राहील आणि मी इकडच्या खिडकीतून बघत बसेन.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. कंपनीनं मला नवा लॅपटॉप देऊ केला होता. बऱ्याच दिवसांपूर्वी. मी नको म्हटलं. साहेबांना सांगितलं, आहे तो पुरतो. पुरत नव्हता, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत. तो घेतला असता तर मला पाळी राहिली नसती, टेबल राहिलं नसतं आणि तुमची कटकटही ऐकू आली नसती. तुमच्या कटकटीवाचून माझा दिवस उजाडला नसता, अक्का. मला तुम्ही फार आवडायचात. एवढं साधं वाक्य, पण आपल्याकडं जावा जावांना असलं काही बोलत नाहीत.

काल सकाळी मी लॅपटॉप पुन्हा त्याच साडीत गुंडाळला आणि अंगण ओलांडलं. दादा गोठ्यापाशी होते.

"परत कावून आनलंस?"

"तिकडं काम होत नाही, दादा. इथंच बरं पडतं."

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. मग वैरणीकडं वळत म्हणाले, "इनव्हर्टर चार्ज हाय."

मी टेबल पुसलं, लॅपटॉप मांडला. गौरी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, आईचं उघडता का एकदा?" मी सुरू केला. त्यानं नेहमीसारखं विचारलं, कोणतं उघडू. मी तुमची बाजू निवडली. बरेच दिवस बंद असल्यानं साठलेले सगळे अपडेट विंडोजला तेव्हाच करायचे होते. गोल ठिपके फिरायला लागले, आकडा मुंगीच्या पावलानं पुढं सरकायला लागला. बंद करता येत नाही, दुसरं काही करता येत नाही. आम्ही दोघी टेबलाला टेकून नुसत्या बघत राहिलो. बऱ्याच वेळानं गौरी अगदी तुमच्या आवाजात, तुमच्यासारखा हात उडवून त्या ठिपक्यांना म्हणाली, "उरक ग बाई, नवरीला पोरं हुतील आता." आम्ही दोघी खो खो हसलो. हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला आणि मग ती जी रडली, अक्का, माझ्या खांद्याला दात रुतवून रडली. मीही रडले. दादा दारापर्यंत आले, बघितलं आणि आवाज न करता मागं फिरले. पडद्यावरचं कधी संपलं ते आम्हाला कळलंही नाही.

नंतर तिनं तोंड धुतलं. ऊन वर आलं होतं, मी निघाले. ती म्हणाली, "काकू, जेवून जावा. मी केलंय." सुतकातलं आणि तेराव्याचं जेवण सोडलं, तर वाटणीपासून तुमच्या चुलीवरचा घास मी तोंडात घातलेला नव्हता. ह्यांना काय सांगायचं ते मी बघेन. मी चुलीपुढं पाट ओढून बसले. तिनं ताटात भाकरी आणि शेपूची भाजी वाढली. भाकरी एका बाजूनं करपलेली होती. भाजीत मीठ जास्त होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.

मी ताट पुढं केलं आणि म्हटलं, अजून वाढ.